जावांचं टेबल

"या तुमच्या जोडीदारीण. यांच्याबद्दल काय सांगाल?" कंपनीच्या पुण्याहून आलेल्या देवस्थळी मॅडमनी विचारलं.

मी मास्क खाली ओढला आणि म्हटलं, "मॅडम, हिच्यासारखी बाई अख्ख्या कारखान्यात न्हाई. हिलाच न्या."

समोर उभी असलेली बेबीनंदा काम करता करता थांबली. तोंडावर मास्क, जाळीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, त्यामुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. ते रागानं भरलेले होते. मी तिची निंदा केली असती तर तिला एवढा राग आला नसता.

बेबीनंदा माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी एकाच घरात राहायचो, एकाच कारखान्यात जायचो, एकाच टेबलाशी समोरासमोर उभ्या राहून काम करायचो आणि आत्याबाईंच्या तेराव्यापासून एकमेकींशी एक अक्षरही बोलत नव्हतो. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्या तेराव्यानंतर बेबीनंदाविषयी मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते असं, परक्या बाईसमोर आणि तिचं कौतुक करायला. त्यामागं माझा काय डाव होता हे फक्त तिलाच कळलं. आम्ही एकमेकींना तेवढ्या नीट ओळखून होतो.

कारखाना कुपवाडच्या एमआयडीसीत होता. तिथं पुरणपोळ्या तयार व्हायच्या, गोठवल्या जायच्या आणि बाहेरदेशी जायच्या. पुरण मोठ्या वाफेच्या भांड्यात शिजायचं, कणीक यंत्र मळायचं, गोळे यंत्र कापायचं. पण गोळ्यात पुरण भरून त्याचा उंडा करणं आणि तो उंडा लाटणं, एवढी दोन कामं बायकांच्या हातांवर होती. त्यासाठी यंत्र आणून पाहिलं होतं. त्याच्या पोळ्या वाळल्यावर चामड्यासारख्या व्हायच्या, म्हणून ते एका कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. प्रत्येक टेबलावर दोघी असायच्या. एक भरायची, एक लाटायची. लाटलेली पोळी पट्ट्यावर जायची, फुटलेली टेबलाखालच्या लाल क्रेटमध्ये. बेबीनंदा भरायची, मी लाटायची.

आमच्या टेबलाचं काम सगळ्यांत जास्त व्हायचं. सुपरवायझर चौगुले नव्या बायकांना आणून आम्हाला लांबून दाखवायचे. म्हणायचे, "बाकीच्या तोंडानं लाटतात, ह्या दोघी हातानं लाटतात. बघा, एक शब्द बोलत न्हाईत." नव्या बायकांना वाटायचं, काय शिस्त आहे. जुन्या बायका मास्कच्या आड हसायच्या.

शिस्त कसली, ती लढाई होती. बेबीनंदा मला अडचणीत आणायला मधूनच एखादा उंडा एका बाजूला जाड ठेवायची. तो लाटताना पोळी फुटावी आणि चौगुल्यांनी मला बोलावं एवढीच तिची इच्छा. मी तो उंडा बोटानं चाचपायचे, कुठं जाड आहे ते ओळखायचे आणि त्याच बाजूनं लाटणं फिरवून पोळी अशी गोल काढायचे की तिचे डोळे आणखी बारीक व्हायचे. मग माझी पाळी. मी हात इतका पटपट चालवायचे की तिचा उंडा तयार होण्याआधी माझा पोळपाट रिकामा असायचा आणि मी त्यावर लाटणं आपटून वाट बघत असल्याचं दाखवायचे. त्यासरशी तीही हात झपाट्यानं चालवायची. आमच्या अशा भांडणावर कंपनीचा सगळा फायदा चालला होता.

घरीही तीच तऱ्हा. घर आत्याबाईंचं, दोन खोल्यांचं, पण स्वयंपाकघर एकच. आत्याबाईंच्या तेराव्याला त्यांचं शिसवी लाटणं नाहीसं झालं. त्यांनी ते अथणीहून, त्यांच्या माहेराहून आणलं होतं आणि लग्न झाल्यापासून मी त्यानंच लाटत आले होते. पाहुण्यांसमोर मी विचारलं, "लाटणं कुणी उचललं?" बेबीनंदा म्हणाली, "ज्याच्या हातात कायम असायचं त्यानंच लपवलं असंल. दुसऱ्याला काय करायचंय?" मी तिला चोर म्हटलं, तिनं मला चोर म्हटलं. आधी वाक्यं होती, मग शिव्या आल्या, मग दोघींनीही एकच शपथ घेतली: एक दिवस तुला या घराबाहेर काढीन. त्या संध्याकाळी माझ्या दिरानं, धोंडिरामनं, ओट्यावर मधोमध विटांची रांग लावली. नळ तिच्या बाजूला राहिला, खिडकी माझ्या. मी बाहेरच्या हौदातून पाणी भरून आणायचे आणि तिनं फोडणी टाकली की मी खिडकी लावून घ्यायचे. धुरात ती खोकायची. मला बरं वाटायचं.

दोन्ही भाऊ मात्र एकमेकांशी बोलायचे. आमचे मालक टेम्पो चालवायचे, धोंडिराम फौंड्रीत होता. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिता पिता दोघं एकमेकांना आपापल्या घरातल्या बातम्या सांगायचे आणि मग ते घरी येऊन आम्हाला सांगायचे. सण आला की दोघांची एकच तक्रार असायची. शिमगा असो की बेंदूर, पुरणपोळी म्हणून दोघांच्याही ताटात कारखान्यातल्या लाल क्रेटमधले तुकडे पडायचे. आमचे मालक म्हणायचे, "सांगलीत सगळ्यांत जास्त पोळ्या माझी बायको लाटती आणि मी तुकडं खातो." मी म्हणायचे, दिवसभर तेच करून आल्यावर घरी कोण करणार. बेबीनंदाही धोंडिरामला तेच सांगायची.

अशात कंपनीनं सुप्याला, नगरच्या अलीकडं, नवा कारखाना काढला. चौगुल्यांनी चहाच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, "तिकडच्या बायकांना काम शिकवायला हितनं एक जण जाणार. कायम नोकरी, राहायला क्वार्टर, घरच्यांना बरोबर न्यायचं. पुण्याहून मॅडम येणार, बघणार आणि नाव काढणार. ज्या टेबलाचं काम सगळ्यांत चांगलं, त्यातलीच एक असणार."

सगळ्यांनी आमच्याकडं पाहिलं.

"आणि मागं ऱ्हाणारीचं काय?" मी विचारलं.

"ती हितली लाइन लीडर."

"नाव आलं आणि जायचं नसलं तर?"

"तर मग बॅग भरायची आणि घरी बसायचं. कंत्राट संपलं."

मी बेबीनंदाकडं पाहिलं नाही आणि तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण त्याच क्षणी दोघींच्या मनात एकच गोष्ट आली. जिचं नाव निघेल ती कपडेलत्ते, भांडीकुंडी, नवरा घेऊन तीनशे किलोमीटर लांब जाणार. मागं राहणारीच्या वाट्याला लाइन लीडरपद, घर, नळ आणि खिडकी. विटांची रांग ती एका हातानं काढून टाकेल. मला कायम नोकरी हवी होती, खोटं कशाला बोलू. पण त्या घरातून बेबीनंदाच्या डोळ्यांदेखत बाहेर पडणं मला सोसवलं नसतं. ती दारात उभी राहून माझा टेम्पो वळेपर्यंत बघत राहिली असती.

वाईट काम करून सुटण्याचा रस्ता होता. पण फुटलेली पोळी भरणारीमुळं फुटली की लाटणारीमुळं, हे लाल क्रेटमध्ये पडलेल्या पोळीकडं बघून कळत नाही. शिवाय तिच्यासमोर, तिच्या उंड्याची पोळी माझ्या हातून फुटावी? त्यापेक्षा मी विष खाल्लं असतं. मग एकच उपाय उरला. तिच्या भरण्याचं नाव होईल असं लाटायचं आणि तोंडानं तिची आरती ओवाळायची.

देवस्थळी मॅडम आल्या तेव्हा मला त्या अगदी लहान वाटल्या. सडपातळ, चष्मा, पायात कंपनीचे पांढरे गमबूट त्यांना मोठे होत होते. पण हॉलमध्ये त्या कुठंही टेकल्या नाहीत. तासन् तास उभ्या राहून बघायच्या आणि मधूनच असा प्रश्न विचारायच्या की उत्तर देताना हात थांबायचा. तसं त्यांनी मला विचारलं आणि मी वर सांगितलेलं वाक्य बोलले.

"का बरं त्याच?" मॅडमनी विचारलं.

"पुरण सगळीकडं सारखं पसरलेलं असतंय. कडा अशा मिटवती की फुटायचं नाव न्हाई. मी काय, नुसतं लाटणं फिरवती. ते कुणीबी करंल."

मॅडम बेबीनंदाकडं वळल्या. "आणि तुम्ही काय म्हणाल?"

बेबीनंदानं मास्क खाली केला. गोड आवाज काढायला तिला जमायचं. "जाऊबाईंच्या हाताला तोड न्हाई, मॅडम. मी कसाबी उंडा दिला तरी त्या सरळ करत्यात. माझी चूक असली तरी पोळी फुटू देत न्हाईत. नवीन पोरीस्नी शिकवायचं तर त्यास्नीच न्या. त्या मोठ्या हायत, मानानंबी."

मानानं मोठी. तेराव्याला तिनं मला भर पाहुण्यांत चोरटी म्हटलं होतं. तरी पोळी मी गोलच काढली.

त्या दिवशी मला आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एकही उंडा जाड आला नाही. एकाहून एक नीट, बोटानं चाचपायची गरज नाही, लाटण्याखाली आपोआप पसरणारे. म्हणजे ती मला जिंकवायला निघाली होती. मीही ठरवलं, बघू कोण जिंकवतंय. तिला घाई होऊ नये म्हणून मी पोळपाटावर लाटणं आपटणं बंद केलं. तिचा उंडा तयार झाला की मगच माझा हात पुढं जायचा. संध्याकाळी मॅडम आमच्या टेबलाखाली वाकल्या. लाल क्रेट रिकामं होतं.

"फुटलेली एकही नाही," त्या म्हणाल्या.

"हिच्यामुळं," मी म्हटलं.

"यांच्यामुळं," बेबीनंदा म्हणाली.

चौगुल्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. हे काय चाललंय ते त्यांना कळेना.

घरी आल्यावर आमच्या मालकांनी हात धुता धुता विचारलं, "तू आज बेबीचं कौतुक केलंस म्हणं?"

"कुणी सांगितलं?"

"धोंडिरामनं. टपरीवर. बेबीनंबी तुझं केलं म्हणं." ते टॉवेलनं तोंड पुसत माझ्याकडं बघत राहिले. "म्हंजे मिटलं एकदाचं?"

"मिटलं न्हाई. पेटलंय."

विटांच्या पलीकडं बेबीनंदा भांडी घासत होती. धोंडिराम तिच्याजवळच बसला होता, तरी ती मला ऐकू जावं अशा आवाजात त्याला सांगत होती, "मॅडम म्हणल्या, थोरल्या बाईंचा हात बघण्यासारखा हाय. सुप्याला हवा चांगली असती. थोरल्यास्नी मानवंल तिकडं."

मीही मालकांना सांगितलं, तेवढ्याच आवाजात, "बेबीला तिकडं नळ घरात मिळंल. दोन नळ असत्यात क्वार्टरला. खिडकीबी असती. धुरात खोकायला लागायचं न्हाई."

पलीकडं भांडं जोरात आदळलं. मालक उठून बाहेर गेले आणि लगेच धोंडिरामही बाहेर गेला. दोघं टपरीवर गेले असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम थेट आमच्या टेबलापाशी आल्या. "आज थोडा बदल करू," त्या म्हणाल्या. "बेबीनंदाताई, तुम्ही लताच्या टेबलावर भरा. हौसाताई, तुमच्यासमोर नसीमा भरेल."

नसीमा शिकलगार चांगली भरणारी होती. तिच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. पहिला उंडा तिनं दिला आणि मी लाटणं टेकवलं. माझा हात सवयीनं डाव्या बाजूला वळला, कारण बेबीनंदा कडा मिटवून उंडा पालथा करताना डाव्या बाजूला जरा जास्त दाबते. तिथं तिच्या उंड्याची कणीक जाड असते. नसीमाचं नव्हतं. पोळी डावीकडून उसवली आणि पुरण पोळपाटाला चिकटलं.

"सॉरी, भाभी," नसीमा म्हणाली.

"तुझी चूक न्हाई," मी म्हटलं आणि पुढचा उंडा घेतला. तोही फुटला. मी हात हलका केला, मग जड केला, मग उजवीकडून सुरुवात केली. एखादी पोळी निघायची, पुढच्या दोन फुटायच्या. नसीमाचा चेहरा रडवेला झाला. आमच्या लाल क्रेटमध्ये पुरणाचे लपके साठत चालले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बायका वळून वळून बघत होत्या.

मग एकदम डोक्यात आलं की हे चांगलंच झालं. माझं काही नाव निघत नाही आता. बेबीनंदाचंच निघणार. लाज तशीच होती, पण मी मास्कच्या आत हसले आणि ती कुठं आहे ते बघायला मान वर केली.

लताच्या टेबलाशी बेबीनंदा उभी होती आणि माझ्या क्रेटकडं बघत होती. तिचेही डोळे हसत होते. मग माझी नजर खाली तिच्या टेबलाखाली गेली. तिचं लाल क्रेट माझ्याइतकंच भरलं होतं. लता लाटण्याला चिकटलेलं पुरण खरवडून काढत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. बेबीनंदाचे उंडे तिच्याकडं एकामागून एक फुटत होते.

दोघींचं हसू एकदमच थांबलं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडमनी आम्हाला चौगुल्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला त्या आणि चौगुले, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी, मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवून.

"काल रात्री मी एक नाव पक्कं केलं होतं," मॅडम म्हणाल्या. "आज सकाळी ते रद्द केलं."

"कुणाचं हुतं?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

मॅडमनी उलटच विचारलं, "तुम्हाला दोघींना पुरणपोळी कुणी शिकवली?"

"आत्याबाईंनी," मी म्हटलं.

"कशी?"

मला सांगायचं नव्हतं, पण त्या वाट बघत राहिल्या. "माझ्या लग्नानंतर दोन सालांनी ही आली. पहिल्याच शिमग्याला आत्याबाई म्हणल्या, हौसा लाटंल, बेबी भरंल. तेच ठरलं कायमचं. पोळी फुटली तर दोघींनी त्या दिवशी पोळी खायची न्हाई. कुणामुळं फुटली ते त्या विचारायच्या न्हाईत. मी सांगायला गेली तरी ऐकून घ्यायच्या न्हाईत."

"म्हंजे एकीनं चुकवलं तर दुसरी पण उपाशी," बेबीनंदा मध्येच म्हणाली. "म्हणून मी त्यांचा हात बघून भरायची. त्या माझा."

"आणि वेगवेगळं? एकट्यानं पूर्ण पोळी कधी केलीत?"

मला आमच्या मालकांच्या ताटातले तुकडे आठवले. तिच्याही नवऱ्याच्या ताटात तेच असायचे हे मला टपरीवरून कळलेलं होतं, पण त्याचं कारण मी कधी विचारात घेतलं नव्हतं. दिवसभर तेच करून आल्यावर घरी कोण करणार, हे तीही म्हणायची. मला जमत नाही हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनंही सांगितलं नसणार.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "लोक मला विचारतात, चांगला कामगार कोणता. मी त्यांना सांगते, कामगार बघण्याआधी त्याची जोडी बघा. तुम्ही दोघी दोन शिक्षिका नाही. तुम्ही मिळून एक आहात. एकीला नेलं तर मला अर्धंच काम मिळेल आणि इथं मागं अर्धं राहील. दोघींना पाठवते. तिकडच्या बायकांना जोडीनंच शिकवा."

"मॅडम," मी म्हटलं, "आम्ही बोलत न्हाई एकमेकींशी."

"माहीत आहे."

"काल आम्ही एकमेकींचं चांगलं सांगितलं, ते..."

"तेही माहीत आहे." त्या पहिल्यांदा हसल्या. "मी वर्षानुवर्षं कारखाने फिरते, हौसाताई. एक बाई दुसरीला 'हिलाच न्या' म्हणते तेव्हा तिला काय हवं असतं ते मला कळतं. पण मला तिकडच्या हॉलमध्ये तुमचे हात हवेत. मैत्री तुमची तुम्ही बघा."

"आणि न्हाई म्हटलं तर?" बेबीनंदानं विचारलं.

चौगुल्यांनी घसा साफ केला. "तर जी न्हाई म्हणंल तिनं बॅग भरायची."

मी नाही म्हटलं असतं आणि तिनं हो म्हटलं असतं, तर ती कायम झाली असती आणि मी घरी बसले असते. तिनं नाही म्हटलं असतं आणि मी हो, तर घर तिचं झालं असतं. तेवढा वेळ आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"मी जाती," बेबीनंदा म्हणाली.

"मग मीबी," मी म्हटलं.

सगळ्यांत जास्त खूश झाले ते दोघे भाऊ. टेम्पो कुठंही चालतो आणि फौंड्रीच्या धुळीनं धोंडिरामची छाती तशीही खराब झाली होती. दोघांनी मिळून सामान बांधलं. ओट्यावरच्या विटा काढून मालकांनी त्या दाराबाहेर रचल्या आणि घराला कुलूप लावलं. ज्या घरासाठी इतकी वर्षं एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं, त्याला एकच कुलूप पुरलं. निघताना बेबीनंदा टेम्पोच्या मागच्या बाजूला भांड्यांच्या पोत्यावर बसली, मी पुढं मालकांच्या शेजारी. दारात उभं राहून बघायला कुणीच उरलं नव्हतं.

सुप्याला कंपनीनं आमच्यासाठी एकच क्वार्टर ठेवला होता. एकाच घरच्या आहेत म्हणून, असं तिथला माणूस कौतुकानं म्हणाला. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर, तेही एवढंसं की दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो तर कोपर कोपराला लागावं. नळ खिडकीच्या बरोब्बर खाली होता. विटा ठेवायला तिथं जागाच नव्हती.

दोन दिवसांनी शिमगा आला. दोघे भाऊ सकाळपासून काही बोलत नव्हते, पण सारखे स्वयंपाकघराच्या दारातून आत डोकावत होते. मी डाळ शिजवली. बेबीनंदानं न सांगताच पुरण वाटायला घेतलं. कणीक मळून झाली तेव्हा मी मालकांना हाक मारली आणि म्हटलं, "शेजारून कुणाचं तरी लाटणं आणा. आपलं कुपवाडलाच ऱ्हायलं बहुतेक."

बेबीनंदा उठली. आतल्या खोलीत जाऊन तिनं ट्रंक उघडली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात आत्याबाईंच्या जुन्या चोळीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनं ते ओट्यावर ठेवलं आणि चोळी बाजूला सारली. शिसवी लाटणं. डाव्या टोकाला ती जुनी चीर, जी माझ्या अंगठ्याला ओळखीची होती.

"म्हंजे तूच," मी म्हटलं.

"व्हय. मीच."

"एवढी वर्षं मला चोर म्हणवलंस. पाहुण्यांच्या तोंडादेखत."

"तुम्हीबी मला म्हणलासा."

"ते खरं हुतं."

"खरं हुतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात शरमेचा लवलेश नव्हता. "आत्याबाई गेल्या आणि मला कळलं, लाटणं तुमच्याकडं, मग पोळी तुमची. उंडा काय, कुणीबी भरून देतंय. लाटणं माझ्याकडं असलं तर तुमास्नी माझ्याकडं यावं लागंल, असं वाटलं मला. तुम्ही आला न्हाईत. शिव्याच दिल्यासा."

"तू लाटून बघितलंस?"

"पहिल्या शिमग्याला बघितलं. दार लावून." तिनं चोळीची घडी घातली. "एकबी जमली न्हाई."

ती हौदावरून आणलेली पाण्याची कळशी, ते तेरावं, त्या पाहुण्यांच्या नजरा, मालकांच्या ताटातले तुकडे, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी तिला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तीही काही कमी बोलली नाही. दोघे भाऊ दारातून नाहीसे झाले. आवाज ऐकून शेजारची बाई खिडकीत आली आणि काय समजायचं ते समजून परत गेली. बेबीनंदानं माफी मागितली नाही आणि मी तिला आजपर्यंत माफ केलेलं नाही.

मग दोघीही दमलो. कणकेवर झाकलेलं फडकं वाळत चाललं होतं. मी लाटणं उचललं, पदरानं पुसलं आणि पोळपाट पुढं ओढला. बेबीनंदानं गोळा घेतला, पुरण भरलं, कडा मिटवल्या आणि उंडा पालथा करताना डाव्या बाजूला नेहमीसारखा जरा जास्त दाबला. मग तो माझ्यापुढं ठेवला.

मी बोटानं चाचपून पाहिलं. "पुरण सैल झालंय," मी म्हटलं.

"हळू लाटा," बेबीनंदा म्हणाली. "फुटली तर दोघी उपाशी."